सवलतीची सही

निरीक्षकांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण कोपऱ्यावरचा फळवाला अजूनही त्यांना येताना पाहिलं की तराजू फडक्याने पुसून घ्यायचा. वजनमापे खात्यात त्यांनी उभी हयात काढली होती. कुठल्या वजनाचा तळ कोरून त्यात मेण भरलंय, कुठल्या मापाला दुहेरी बूड आहे, कुठला दुकानदार तोलताना हळूच करंगळी टेकवतो, हे त्यांना म्हणे दुकानाच्या पायरीवरूनच कळायचं. मापात पाप करणाऱ्याला त्यांनी कधी सोडलं नाही आणि कुणा दुकानदाराचा कपभर चहाही घेतला नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. फक्त त्यांचा अभिमान इतका मोठा होता की घरात इतरांना वावरायला जागा कमी पडायची.

सगळ्यात कमी बायकोला. मुलगा कॉलेजात असताना दारावर आलेल्या एका गोडबोल्या माणसाकडून तिने गुडघ्यासाठी चुंबकाचा पट्टा घेतला होता. गुडघा होता तसाच राहिला, आणि पट्ट्याला साधी टाचणीही चिकटेना. चूक म्हणायची तर एवढीच. पण निरीक्षकांनी तो किस्सा पाहुण्यांना इतक्या वेळा ऐकवला होता, विक्रेत्याचा आवाज काढून, टाचणी घेऊन बसलेल्या बायकोचा चेहरा करून, की पाहुणे आता सुरुवातीलाच हसायला लागत. बायकोही हसायची आणि हसत हसत कपबश्या उचलून आत जायची. पुढे घरात काहीही हरवलं, बिघडलं, महाग पडलं, की "पट्टा आठवतो ना?" एवढं म्हटलं तरी पुरे व्हायचं.

अशा माणसाने त्या मोठ्या दुकानात काय केलं, ते ऐका.

घरातली इस्त्री जळाली होती, म्हणून दोघं नवी घ्यायला गेले. बायकोचा गुडघा दुखायला लागला, तशी ती दाराजवळच्या बाकावर बसली. निरीक्षक इस्त्री घेऊन काउंटरवर गेले आणि सवयीने खोक्यावरची किंमत आणि पडद्यावरची किंमत ताडून बघू लागले. काउंटरवरच्या मुलीच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि ओठांवर दिवसभर वापरून वापरून झिजलेलं हसू.

"सर, तुम्ही सरकारी अधिकारी होतात ना? तपासण्याच्या पद्धतीवरूनच कळतं."

झालं. निरीक्षक हरभऱ्याच्या झाडावर चढले आणि तिथूनच पुढचं सगळं बोलले.

"आज दहा टक्के सवलत आहे, सर. आमचं कार्ड घेतलंत तर."

"पैसे?"

"आज एक पैसाही द्यायचा नाही."

एखाद्या किराणावाल्याने असं म्हटलं असतं, तर 'आज' या शब्दाला धरून निरीक्षकांनी त्याला घाम फोडला असता. इथे त्यांनी मान डोलावली. स्वतःचा फोन घरी राहिला होता, म्हणून बायकोचा नंबर सांगितला. तिची जन्मतारीख सांगितली, पत्ता सांगितला, तिच्या फोनवर आलेला आकडा तिच्याकडून मागवून तोही सांगितला. मुलगी म्हणाली, "नंबर मॅडमचा आहे, म्हणजे कार्डही त्यांच्याच नावावर निघेल. सही त्यांची लागेल." निरीक्षकांनी हाक मारली. बायको बाकावरून उठून सावकाश आली. समोर बोटाने सही करायच्या काचेच्या पाटीवर मुंगीएवढी अक्षरं होती.

"कशाची सही?" तिने विचारलं.

"सवलतीची."

"एवढं सगळं लिहिलंय. थांबा, चष्मा काढते. वाचून घेते."

मागे रांग होती. कुणीतरी 'च्' केलं.

"काय वाचायचंय त्यात? मी आहे ना इथे. कर पटकन."

सही झाली. इस्त्री स्वस्तात मिळाली. कार्ड घरी आलं ते निरीक्षकांनी कपाटात टाकलं, आणि त्यानंतर आलेली पाकिटं जाहिराती समजून न फोडताच रद्दीत टाकली.

मग बायकोच्या फोनवर फोन येऊ लागले. आधी गोड आवाजात, मग कडक आवाजात. ती घाबरून "चुकीचा नंबर" म्हणायची आणि ठेवायची. शेवटी त्या लोकांनी मुलाचा नंबर शोधून काढला, तसा तो सुट्टीच्या दिवशी घरी आला आणि टेबलावर फोन ठेवून सगळ्यांना ऐकू जाईल असा लावला. पलीकडच्या माणसाने दुकानाचं नाव घेतलं. कार्डाचं वर्षाचं शुल्क, ते भरलं नाही म्हणून दंड, दंडावर व्याज. सगळं मिळून इस्त्रीच्या कितीतरी पट झालं होतं.

दुकानाचं नाव निरीक्षकांनी लगेच ओळखलं. 'आज' हा शब्द त्यांना तेव्हा ऐकू आला, इतक्या महिन्यांनी.

"मी कसलंच कार्ड घेतलेलं नाही हो," बायको फोनकडे तोंड करून म्हणाली.

"मॅडम, सही तुमचीच आहे. पाठवू का?"

मुलाच्या फोनवर सही आली. वाकडीतिकडी, पण तिचीच. मुलाने ती बघितली आणि कपाळाला हात लावला.

"आई, अगं परत?"

हाच तो क्षण. निरीक्षकांनी तोंड उघडलं होतं. 'ती नाही, मी' एवढेच शब्द बोलायचे होते. पण जिभेला वर्षानुवर्षांचं वळण. तोंडातून जे बाहेर पडलं ते त्यांनी स्वतःच्या कानांनी ऐकलं.

"सही करताना बघायला नको का माणसाने?"

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, मग मुलाकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती काहीतरी आठवायचा प्रयत्न करत होती.

"चुकलं माझं," ती म्हणाली. "कधी केली, कुठे केली, काही आठवत नाही."

मुलाने पैसे भरले, कार्ड बंद करून घेतलं, आणि जाताना दारात वडिलांना हळू आवाजात म्हणाला, "बाबा, आईचे व्यवहार आता तुम्हीच बघा." "बघतो," निरीक्षक म्हणाले. लाज वाटली का? वाटली ना. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यांच्यामध्ये बरीच मोठी नदी असते, आणि निरीक्षकांना पोहता येत नव्हतं.

उद्या सांगू, असं त्यांनी ठरवलं. उद्या आला, तेव्हा बायकोने आपली पर्स आणून त्यांच्यासमोर ठेवली. "तुमच्याकडेच राहू दे. माझा भरवसा नाही." त्यांनी पर्स उचलून कपाटात ठेवली.

त्यानंतर ती विचारल्याशिवाय काही करेनाशी झाली. दारावर पार्सल आलं तर आतून हाक मारायची, "अहो, सही करू का?" दोऱ्याचं रीळ आणायचं तर रंग त्यांना दाखवायचा. शेजारीण फिरायला चल म्हणाली तर हिने गुडघ्याचं कारण सांगितलं. खरं कारण रस्ता चुकण्याची भीती हे होतं. आणि रोज संध्याकाळी ती त्यांच्यासमोर बसून दिवस मोजून घ्यायची.

"सकाळी दूध आलं. मग नळवाला आला, त्याला आपण पाणी दिलं. दुपारी मुलाचा फोन. बरोबर ना?"

"बरोबर."

"नळवाल्याला पाणी मी दिलं की तुम्ही?"

"तू."

"हां," ती म्हणायची आणि तिला थोडं बरं वाटायचं.

उभ्या आयुष्यात निरीक्षकांनी पुष्कळ खोटी मापं जप्त केली होती. रोज संध्याकाळी आपण समोर खोटं माप धरून बसलोय, आणि ही बाई मुकाट्याने त्यात स्वतःला मोजून घेतेय, हे त्यांना कळत होतं. तरी ते बसत होते. जेवण गोड लागत नव्हतं, झोप लागत नव्हती, आणि सांगायचा एक एक दिवस टळला की पुढचा दिवस आणखी अवघड होत होता.

मग एके दिवशी भाजी निवडता निवडता ती म्हणाली, "मी डॉक्टरांची वेळ घेतलीय. विसरण्याच्या आजाराच्या."

"कशाला?"

"माझ्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी पैशांचा घोळ, मग माणसांचा. शेवटी मलाच विचारायची, तू कोणाची गं?" ती भाजीकडे बघत बोलत होती. "मला फक्त एवढंच वाटतं, की तुम्हाला ओळखेनाशी होण्याआधी कळावं."

तिथे मात्र निरीक्षकांना राहवलं नाही. त्यांनी खुर्ची ओढली आणि सांगितलं. इस्त्री, काउंटरवरची मुलगी, नंबर, हाक. मध्येच दोनदा थांबावं लागलं, पण सांगितलं.

बायकोने हातातली भाजी ठेवली. ओला हात कोरडा करून तो त्यांच्या हातावर ठेवला.

"नका हो," ती म्हणाली. "तुम्हाला खोटं बोलता येत नाही."

"अगं, खरं सांगतोय!"

"माझ्यासाठी स्वतःवर घेताय. कळतं मला." तिचे डोळे भरून आले होते. "इतक्या वर्षांत तुम्ही कधी कुठे फसल्याचं मी ऐकलेलं नाही. तुम्हीच तर सांगता."

त्यांनी मुलाला फोन लावला, त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, "बाबा, किती करता हो आईसाठी." संध्याकाळपर्यंत सुनेचाही फोन आला. तीही तेच म्हणाली. आयुष्यात पहिल्यांदा निरीक्षकांनी चूक कबूल केली आणि लोकांनी तीही मोठेपणाच्या खात्यावर जमा करून टाकली. त्या रात्री बायकोने त्यांच्या अंगावर पांघरूण घातलं, जे तिने कित्येक वर्षांत घातलं नव्हतं. लाजेची गोष्ट अशी, की पांघरुणात त्यांना ऊबही वाटली. एक मन म्हणालं, आता राहू दे की. सांगून तर झालंय.

डॉक्टरीणबाई वयाने लहान होत्या, आणि घाईत नव्हत्या. त्यांनी बायकोला वार विचारला, महिना विचारला, घड्याळ काढायला लावलं. शंभरातून सात सात वजा करत खाली यायला सांगितलं. बायको घाबरत घाबरत, पण न अडखळता खाली आली. निरीक्षक मनातल्या मनात तिच्याबरोबर उतरत होते, ते मध्येच एका पायरीवर अडकून पडले.

"हे तर चांगलंच आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मग भीती कशाची वाटतेय?"

बायकोने सहीचं सांगितलं. आपण सही केली आणि आपल्याला काडीमात्र आठवत नाही, असं म्हणाली.

डॉक्टरीणबाई निरीक्षकांकडे वळल्या. "घरात तुम्हाला काय जाणवतं?"

"हे सांगतील की चूक त्यांची आहे," बायको घाईने म्हणाली. "फार चांगले आहेत हो."

निरीक्षकांना ते 'चांगले' सहन झालं नाही. त्यांनी टेबलाच्या कडेला घट्ट धरलं आणि पहिल्यापासून सांगायला लागले, या खेपेला आपल्या मते काही न गाळता. आपल्याला अधिकारी म्हटल्यावर कसं बरं वाटलं ते. ती दाराजवळ बाकावर कशी गुडघा चोळत बसली होती ते. "तिने विचारलं, कशाची सही. चष्मा काढते, वाचून घेते, म्हणाली. मी वाचू दिलं नाही. मी म्हणालो, कर पटकन. आणि तिने सही केली."

बायको त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"मी नाही केली," ती हळूच म्हणाली.

"अगं..."

"तुम्ही माझा हात धरलात. मनगटाला. आणि बोट काचेवर टेकवलंत. मागे टोपी घातलेला एक माणूस होता, तो हसला. मी म्हणाले, दुखतंय, तेव्हा सोडलात. सही अर्धीच झाली होती, ती मुलगी म्हणाली चालेल." ती आता भराभर बोलत होती. "मी सही आठवत बसले. मी सही केल्याचं कुठून आठवणार? हात धरलेला आठवायला हवा होता."

निरीक्षकांना मनगट आठवलं. आतापर्यंत आठवलं नव्हतं. बायकोसमोर आणि मुलासमोर दिलेल्या कबुलीत नव्हतं, रोज रात्री स्वतःला दिलेल्या कबुलीतसुद्धा नव्हतं. कधी गाळलं, कसं गाळलं, त्यांचं त्यांनाच कळलं नव्हतं.

"बरोबर आहे," ते म्हणाले. "धरला होता."

"म्हणजे मला काही झालेलं नाही?" बायकोने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"मला तरी तसं काही दिसत नाही."

बायको हसली. तोंडावर हात ठेवून, खांदे हलवून, खूप वेळ हसली. हसता हसता डोळे पुसले. आपल्या हाताकडे पाहिलं, बोटं उघडली, मिटली. मग हसू एकाएकी थांबलं, आणि ती खुर्चीत वळून निरीक्षकांसमोर झाली.

"रोज संध्याकाळी मी तुमच्यासमोर बसायचे," ती म्हणाली. "दूध कोणी घेतलं, पाणी कोणी दिलं, विचारत. आईसारखी होते की काय म्हणून. तेव्हा तुम्हाला हे माहीत होतं?"

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खिडकीकडे बघितलं.

"माहीत होतं," निरीक्षक म्हणाले.

"आणि तुम्ही 'बरोबर' म्हणत होतात."

"हो," ते म्हणाले. "म्हणत होतो."