देवापुढचा चष्मा

“काका, पाय जरा पुढे करा,” असं म्हणून डॉक्टर निकिता वाकल्या.

व्यंकटरावांनी सवयीने दोन्ही पाय पुढे केले, उजवा हात उचलला आणि म्हणाले, “असू दे, असू दे. कल्याण असो.” पेडगावात त्यांच्या पाया पडणारी माणसं काही कमी नव्हती. पण ही मुलगी पाया पडलीच नाही. तिने पेनाचं टोक त्यांच्या तळव्याला लावलं.

“टोचतंय का?”

“कधी टोचणार आहे?”

“आत्ता टोचतेय.”

व्यंकटराव गोंधळले. शाळेच्या वर्गाबाहेर ‘नेत्र तपासणी शिबिर’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं, आणि जवळ जाऊन ते त्यांनी स्वतः वाचलं होतं. बाईंनी आधी डोळ्यांत औषध घातलं, मग दिवा लावून बराच वेळ आत पाहिलं. इथपर्यंत ठीक होतं. पण त्यानंतर त्यांनी बोटातून रक्ताचा थेंब काढला, आणि आता पायाशी बसल्या होत्या.

“रात्री लघवीला उठावं लागतं?”

“अहो बाई, मी डोळे दाखवायला आलोय.”

“म्हणूनच विचारतेय.”

खरं म्हणजे ते दाखवायला नव्हे, मिरवायला आले होते. व्यंकटराव दरवर्षी चातुर्मासात मारुतीच्या देवळात संध्याकाळी पोथी वाचत. यंदा आषाढापासून त्यांनी एकभुक्त राहायचं व्रत धरलं होतं. श्रावणात एका संध्याकाळी चष्म्याच्या काचा घामाने धूसर झाल्या, म्हणून त्यांनी तो काढला, आणि पोथीतली अक्षरं स्वच्छ दिसली. पंचवीस-एक वर्षं नाकावर बसलेला चष्मा सुटला! लांबचं जरा पुसट दिसायचं, पण लांबचं पाहून करायचंय काय? मारुतीरायानं दृष्टी दिली, असं सगळा गाव म्हणाला. व्यंकटरावांनी तो चष्मा देवाच्या पायाशी ठेवून दिला. एखाद्या डॉक्टरानेही मान डोलवावी, एवढीच त्यांची इच्छा राहिली होती.

निकिता यांनी मान डोलवली नाही. “डोळ्याच्या मागच्या पडद्यावर रक्ताचे ठिपके आहेत, काका. तुम्हाला शुगर आहे, आणि आजची नाही, बऱ्याच वर्षांची असणार. पायांची जाणीवही कमी झालीय. वेळेवर औषध घेतलं नाही तर नजर जाईल.”

“कुणाची?”

“तुमची.”

“शक्य नाही. मी एक वेळ जेवतो. आणि उपवासाचंच जेवतो.”

“काय काय घेता?”

“साबुदाणा, केळी, साखर घालून दूध. राजगिऱ्याचे लाडू. आणि शिऱ्याचा प्रसाद, तो काही नाही म्हणता येत नाही.”

निकिता यांनी एकदा वर पाहिलं आणि गोळ्या लिहून दिल्या.

घरी त्यांच्या बायकोने, सुमंगलाबाईंनी, सगळं ऐकून घेतलं. “तरी मी म्हणायलेच,” त्या म्हणाल्या, “राती चार-चारदा उठायलेत. तांब्यावर तांब्या पाणी प्यायलेत. मला वाटलं, व्रताची उष्णता असंल.”

“तिचं काहीतरी चुकलंय. कोण्या दुसऱ्याचं रक्त मला लावलं.”

“बोट तुमचंच टोचलं ना?” असं म्हणून सुमंगलाबाईंनी लाडवांचा डबा वरच्या फळीवर ठेवला. एवढ्यावरच वाद मिटला. भाकरी, भाजी, वरण आणि गोळ्या सुरू झाल्या. व्यंकटरावांना वाटलं, दोन दिवस ऐकू, म्हणजे ही गप्प बसेल.

दुसऱ्या दिवशी आश्रुबा ओट्याशी येऊन उभा राहिला. त्याची आई मनकर्णाबाई पोथीला रोज पहिल्या रांगेत बसायची. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पार पिकला होता, दुसराही त्याच वाटेवर होता. ऑपरेशनसाठी पेशंट न्यायला दवाखान्याची गाडी दिवाळीआधी गावात येणार होती.

“म्हाराज, माय ऐकंना गेली,” आश्रुबा म्हणाला. “म्हणती, म्हाराजाचा चष्मा सुटला तसं माझं बी डोळं देव नीट करंल. तिनं बी तिचा चष्मा नेऊन ठिवलाय तुमच्या चष्म्याजवळ. साबुदाणा खाऊन राहायलीय. काल चुलीत हात घातला तिनं. तुमी सांगा, तुमचं ऐकती ती.”

“सांगतो,” व्यंकटराव म्हणाले.

पण सांगणार काय? देवाने दिलं म्हणावं, तर म्हातारी आंधळी होणार. शुगर म्हणावं, तर देवाने दिलंच नव्हतं. आणि नव्हतं दिलं, तर अक्षरं स्वच्छ कशी दिसत होती? त्या रात्री पोथी संपल्यावर मनकर्णाबाई त्यांच्या पाया पडली, तेव्हा तिच्या हाताला बांधलेलं फडकं त्यांना दिसलं. “कल्याण असो,” एवढंच ते म्हणाले.

पंधरवड्याने ओळी विरघळायला लागल्या. आधी अनुस्वार गेले, मग अक्षरं एकमेकांत मिसळली. गंमत म्हणजे देवळाचा कळस आता लख्ख दिसत होता, आणि मांडीवरची पोथी मात्र दिसत नव्हती. व्यंकटरावांनी पाठ होतं तेवढं म्हणून वेळ मारून नेली. पाठांतर संपलं, तेव्हा कालचाच अध्याय आज पुन्हा म्हटला. मनकर्णाबाईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

संतापाने ते परभणीला निकिता यांच्या दवाखान्यात गेले. “तुमच्या गोळ्यांनी माझे डोळे घालवले,” त्यांनी दारातूनच सांगितलं.

निकिता यांनी त्यांना बसवलं, बोट टोचलं, आणि पहिल्यांदाच हसल्या. “शुगर उतरलीय, काका. ती वाढली की डोळ्यातलं भिंग फुगतं. त्यामुळं जवळचं बिनचष्म्याचं दिसतं. उतरली की भिंग पहिल्यासारखं होतं. तुमचा चष्मा सुटला नव्हता. तो आजार होता.”

“म्हणजे बिघडलं होतं तेव्हा मला दिसत होतं,” व्यंकटराव सावकाश म्हणाले, “आणि नीट व्हायला लागलं तेव्हा दिसेना?”

“तसंच म्हणा.”

“हा काय न्याय झाला?”

“शिबिरात आलात म्हणून कळलं,” एवढंच त्या म्हणाल्या. “चष्मा जपून ठेवलाय ना?”

येताना एसटीत व्यंकटरावांनी रस्त्यावरच्या सगळ्या पाट्या वाचल्या. त्यांना रडू आलं. देवाने आपल्याला निवडलं नव्हतं, याचं ते दुःख होतं. आपण मात्र देवाला गावभर मिरवलं, याची लाजही त्यात होती.

संध्याकाळी देऊळ भरलं. व्यंकटरावांनी पोथीचा रुमाल सोडला आणि नमस्कार केला. मग म्हणाले, “आश्रुबा, देवाच्या पायाशी माझा चष्मा आहे. तेवढा दे.”

देवळात कुजबुज झाली. शनिवारच्या तेलाने काचा चिकट झाल्या होत्या, एका कोपऱ्यात शेंदूर लागला होता. व्यंकटरावांनी उपरण्याने पुसलं. तेल गेलं, शेंदूर गेला नाही.

“मला शुगर झाली आहे,” ते म्हणाले. “त्यामुळं चष्म्यावाचून दिसत होतं. आता औषधानं शुगर उतरली, आणि दिसत नाही. परवापासून मी तुम्हाला पाठ होतं ते म्हणून दाखवत होतो.”

“मला कळलं व्हतं,” मनकर्णाबाई पहिल्या रांगेतून म्हणाली. “येकच अध्याय दोनदा आला.” तिने पुढे विचारलं, “मंग ते देवानं केलंच न्हवतं व्हय, म्हाराज?”

चाळीस वर्षं व्यंकटरावांनी गावाच्या प्रत्येक प्रश्नाला पोथीतून उत्तर दिलं होतं.

“मला ठाऊक नाही, मनकर्णाबाई,” ते म्हणाले. “पण तुम्ही माझ्यावर भरवसा ठेवून आंधळ्या होऊ नका. तुमच्या पाया पडतो.”

आणि ते खरंच वाकले. म्हातारीने घाईघाईने पाय लुगड्याखाली ओढून घेतले. आश्रुबाने मान फिरवली.

मग मनकर्णाबाई उठली. भिंतीला धरत गाभाऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत गेली, चाचपडत आपला चष्मा शोधला. आता त्याचा तिला काही उपयोग नव्हता. तिने तो पदराच्या टोकाला बांधला आणि जागेवर येऊन बसली.

“गाडी कव्हा येती म्हणलास रं, आश्रुबा?”

“येत्या सोमवारी.”

“बरं.” तिने हात जोडले. “वाचा म्हाराज.”

व्यंकटरावांनी चष्मा लावला. शेंदराचा डाग पानाच्या एका कोपऱ्यावर येत होता. तो टाळत, तोच अध्याय त्यांनी पुन्हा पहिल्या ओवीपासून घेतला, यावेळी पोथीत पाहून.