उत्तरेच्या उतारावरची खूण

रेगुला चढावर धापा टाकत होती आणि चिडचिडत होती. खालून तिला पाच ठिपके खिंडीकडे जाताना दिसले होते, म्हणून कॉफी अर्धी टाकून ती पुन्हा वर निघाली होती. सव्वीस वर्षं ती निरीक्षक म्हणून रोज सकाळी बर्फात खड्डा खणून थर तपासायची आणि हिमस्खलनाचा इशारा देणाऱ्या कचेरीला फोन करायची. आज धोका पाचपैकी तीन. तीन म्हटलं की लोकांना वाटतं, मधलाच तर आकडा, निभावून जाईल. माणसं जास्त करून तीनलाच दगावतात, हे सांगून सांगून तिचा घसा कोरडा पडला होता.

खिंडीत पाहते तर तिचाच धाकटा भाऊ बाल्झ. तो डोंगरातला वाटाड्या. मागे चार पाहुणे स्कीचे पट्टे आवळत होते.

"बाल्झ, अक्कल गहाण ठेवलीस का? उत्तरेच्या उतारावर खाली साखरेसारखा भुसभुशीत थर आहे. परवाचा सगळा बर्फ त्याच्यावर बसलाय."

"ताई, सकाळी सकाळी सुरू नको होऊस," बाल्झ म्हणाला. "तो उतार बघ, आजच कुणीतरी उतरलंय. स्कीची ताजी खूण आहे. बर्फ घसरला नाही ना?"

रेगुलाने खाली पाहिलं. डोंगरात हा रोगच आहे. एकाची खूण दिसली की दुसऱ्याला वाटतं, रस्ता झाला. यावर तिने किती व्याख्यानं झोडली असतील, देव जाणे.

आणि ती खूण तिची स्वतःची होती.

सकाळी खड्डा खणून झाल्यावर डोंगराच्या धारेवरून परत जायला पाऊण तास लागला असता. बोटं गारठली होती. मी एकटी, मला कळतं, असं म्हणून ती सरळ उतरली होती. आता गप्प बसली तर बाल्झ निघणार, आणि त्याच्यामागे ते चौघं. तिला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

"ती मी उतरले," ती म्हणाली.

"म्हणजे तू गेलेलं चालतं?"

"नाही चालत. चुकले मी. वाचले ते नुसत्या नशिबाने."

बाल्झ तिच्याकडे बघतच राहिला. बहिणीच्या तोंडून 'चुकले' हा शब्द त्याने जन्मात ऐकला नव्हता. मग त्याने पाहुण्यांना सांगितलं, "चला, धारेवरून जाऊ." एक जण कुरकुरला, पण निघाला.

उतारावरची खूण मात्र तशीच होती, लांबून दिसणारी. दुपारपर्यंत आणखी कितीतरी जण येणार होते. रेगुलाने हातमोजा काढून कचेरीला फोन लावला.

"आजच्या इशाऱ्यात भर घाल. उत्तरेच्या उतारावर ताजी खूण आहे, तिच्यावर विसंबू नका. ती निरीक्षकाची आहे, आणि निरीक्षकाने मूर्खपणा केला."

पलीकडच्या मुलीने विचारलं, "असंच लिहू?"

"असंच. आणि खाली माझं नाव घाल."