ओठ न मिटणारी ताई आणि गुरगुरणारा मी

मी एक जुना चेलो आहे, आणि माझी कीव केलेली मला खपत नाही, हे आधीच सांगून ठेवतो. व्हायोलिन तुम्ही पाहिलेच असेल. मी त्याचा थोरला, अंगाने भरलेला भाऊ. मला खांद्यावर घेता येत नाही. खुर्चीत बसून, गुडघ्यांमध्ये धरून गजाने वाजवावे लागते.

मित्रांनो, ज्या कारागिराने मला घडवले तो हुशार होता, पण उतावळा. पाठीचे लाकूड पुरते वाळायच्या आत त्याने ते तासायला घेतले. माझ्या अंगात एक खोड राहिली ती तेव्हापासून. बाकीचे सगळे सूर मी गोड काढतो, एका सुरावर मात्र गुरगुरतो. वाजवणारे या खोडीला लांडगा म्हणतात. बहुतेक चेलोंच्या पोटात तो थोडाफार असतोच. माझा जरा जास्त जागा आहे, एवढेच. कारागिराने मला एका संगीतशाळेला देऊन टाकले आणि हात झटकले.

शाळेत मी कोपऱ्यात उभा असे. येणारे-जाणारे माझ्या मानेवर टोप्या आणि छत्र्या अडकवत. मुले मला वाजवायला घेत, गुरगुर ऐकून दचकत आणि दुसरा चेलो मागत. मला राग येई. खोटे कशाला सांगू, रडूही येई.

शेजारच्या खोलीत गाणे शिकायला येणारी एक मुलगी एके दिवशी आत आली. तिने टोप्या काढून बाकावर ठेवल्या, मला धरले आणि अंदाजाने तारेवर बोट टेकवले. ते नेमके त्याच सुरावर पडले. मी गुरगुरलो.

ती खदखदून हसली. "हा तर आमच्या आईसारखा आहे! सकाळी लवकर उठवलं की अस्साच आवाज काढते."

शाळेला मी नकोच होतो. त्या दिवसापासून मी तिचा झालो आणि तिच्या घरी गेलो. मी तिला ताई म्हणतो.

ताईला दोन गुरू होते. गाण्याच्या बाई म्हणत, "हात मांडीवर. गाताना हलायचं नाही." चेलोचे सर म्हणत, "ओठ मिट. वाजवताना हूं की चूं नको." अकरा वर्षे ती एका खोलीत हात आवरून बसली, दुसरीत तोंड. दोन्हीकडे पहिली आली. घरी मात्र आई शिलाई मशीन चालवता चालवता गुणगुणत असे आणि तिच्या समोर बसून ताई मला वाजवता वाजवता गात असे. तिथे कोणी टोकत नव्हते.

मग शहरातल्या मोठ्या वाद्यवृंदात एक जागा निघाली. कायमची नोकरी! आईने मला जाड कापडाची नवी खोळ शिवली. दुरुस्तीवाल्याने माझ्या तारेवर, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीच्या खाली, पितळेची बोटभर नळी बसवली. "आता नाही गुरगुरणार," तो म्हणाला. गुरगुर थांबली खरी, पण माझा सगळाच आवाज सर्दी झाल्यासारखा बसला. आठवड्याभरात ताईने स्क्रू सैल करून नळी काढून टाकली.

निवडीच्या दिवशी आम्ही सुरेख वाजवत होतो. संथ भागात तो सूर आला. ताईने मला गुडघ्याने घट्ट दाबले, लांडगा आवरायची ती रीतच आहे. तरी मी गुरगुरलो. आणि मला सांभाळून घ्यायला ताई घरच्या सवयीने तोच सूर मोठ्याने गायली.

संचालकांनी हात वर केला. "कोण गातंय?"

"मी."

"इथं एक काय ते करायचं. गायचं तरी, नाहीतर वाजवायचं."

"मला दोन्ही येतं," ताई म्हणाली.

नोकरी गेली. घरी आईने कपाळाला हात लावला. "अगं, दोन तास तोंड बंद ठेवलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

"तू ठेवतेस का मशीनवर?"

आईचे मशीनवरचे पाय थांबले. ताईही चिडली होती, आणि तो राग माझ्यावर निघाला. तिने मला कापडाच्या गठ्ठ्यांमागे उभे केले आणि नुसत्या गाण्याच्या शिकवण्या धरल्या. मित्रांनो, सात महिने मी धूळ खात होतो. उकाड्याने माझी जाड तार ताणली गेली आणि एका दुपारी फाटकन तुटली. ताई धावत आली. मला छातीशी धरून ती हमसाहमशी रडली. संध्याकाळी तिने नवी तार चढवली आणि वाचनालयाचा हॉल ठरवून आली. गाणार आणि वाजवणार, दोन्ही एकदम.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी संचालकांचे पत्र आले. जागा पुन्हा रिकामी होती. अटी दोन होत्या: त्यांचा चांगला चेलो वापरायचा आणि ओठ मिटून वाजवायचे. ताईने पत्र आईपुढे ठेवले. कायमची नोकरी आईलाच हवी होती ना! आईने ते दोनदा वाचले, चिमटीत धरून पाहिले.

"कागद जाड आहे. कॉलरच्या मापाला बरा," ती म्हणाली आणि तिने कात्री चालवली.

दुसऱ्या दिवशी चाळीसएक माणसे आली. आई पहिल्या रांगेत बसली. तो सूर जवळ आला तशी मी गुडघ्याच्या दाबाची वाट पाहिली. दाब आलाच नाही. ताईने मला मोकळे सोडले. मी पोटभर गुरगुरलो आणि ती माझ्याशेजारून उघड्या गळ्याने गायली. तेवढ्यात तिसराही आवाज ऐकू आला. आई गुणगुणत होती!

मागून कोणीतरी "शू!" केले.

आई वळली. "मी घरीसुद्धा गप्प बसत नाही," ती म्हणाली आणि तिने पुढची ओळ धरली.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्यायची तर जरूर घ्या. धूळ पुसा, उन्हात ठेवू नका, मानेला टोप्या अडकवू नका. पण गुरगुर थांबवायला नळी घेऊन कोणी आलात, तर ताईशी गाठ आहे. आणि ताई नसली, तरी आई आहेच.