आफियाच्या जन्माची शपथ

घरबसल्या शिक्का मिळतो यावर अबेना पोकुआचा विश्वास नव्हता. तिच्या मते शिक्का म्हणजे कचेरी, रांग आणि खिडकीपलीकडचा आंबट चेहरा. पण नोटरीबाई व्हर्जिनियात बसून लॅपटॉपवरच शपथ घ्यायला लावणार होत्या. उंटावरून शेळ्या हाकायचाच प्रकार, असं तिने मुलाला, क्वाकूला, सुनावलंही. तरी ती चर्चला जायचं लुगडं नेसून, डोक्याला फडकं बांधून कोलंबसच्या आपल्या स्वयंपाकघरात वेळेआधीच बसली.

कारण काम सुनेचं होतं. आफिया मायदेशी, कुमासीत, अडकून तीन वर्षं झाली होती. अडीच वर्षांच्या नातीने बापाला फक्त फोनवर पाहिलं होतं. आता दूतावासाचं पत्र आलं होतं: अर्जातली आफियाची जन्मतारीख पासपोर्टशी जुळत नाही, जन्माच्या वेळी हजर असलेल्या वडीलधाऱ्या माणसाचं प्रतिज्ञापत्र परवापर्यंत पाठवा, नाहीतर अर्ज बंद. आफियाची आई, पोकुआची मैत्रीण, केव्हाच वारली होती. त्या बाळंतपणाला हजर असलेली, आज हयात अशी एकटी शेजारीण म्हणजे पोकुआ.

"पासपोर्टवाल्यांनी घोळ घातलाय," क्वाकू म्हणाला. "मी सगळं लिहून ठेवलंय. बाई विचारतील त्याला हो म्हण आणि सही कर. भाषण नको."

पडद्यावर नोटरीबाई आल्या. चष्मा, मोकळं हसू. ओळखपत्र पुढून-मागून दाखवून झालं. मग ओळख पटवायला, दोन हजार नऊ साली कुठल्या रस्त्यावर राहत होता, असं विचारल्यावर पोकुआने रस्त्याचं नाव तर सांगितलंच, शिवाय तिथला घरमालक नळ दुरुस्त करत नसे हेही सांगितलं.

"खोलीत आणखी कोणी आहे का?"

"मुलगा आहे."

"त्यांना बाहेर जाऊ द्या. शपथ तुमची आहे."

क्वाकू तोंड वाकडं करून जिन्यात गेला. पोकुआला मनातून बरं वाटलं. तीस वर्षांत या देशात कुणी तिला एकटीला काही विचारलं नव्हतं.

"घाई नाही. स्वतः वाचा, मगच सही," बाई म्हणाल्या.

सकाळी क्वाकूने तिला मजकूर भराभर वाचून दाखवला होता आणि तिने लापशी ढवळत मान हलवली होती. आता तिने बोट ठेवून एकेक ओळ वाचली. 'आफियाचा जन्म १० मे १९९० रोजी माझ्यासमक्ष झाला.' बोट तिथेच थांबलं.

"ही तारीख बरोबर नाही, बाई."

"मजकुरात मला हात घालता येत नाही. खरं असेल तरच सही करा."

पोकुआ घाबरली. परवा मुदत संपणार होती. सही केली तर कुणाला कळणार होतं? पण त्या रात्री मैत्रिणीचा हात तिनेच धरला होता. शपथेवर खोटं बोलून सून आणायची, मग तिच्याच आईचं नाव कुठल्या तोंडाने घ्यायचं?

"नाही करत सही," ती म्हणाली. पडदा बंद झाला.

क्वाकू तीन-तीन पायऱ्या उतरत आला. "आई! एक सही होती! तुला एवढ्या वर्षांनी काय आठवणार?"

"बाळंतपण मी पाहिलं की तू? ऑक्टोबर होता."

"परवाच मी आफियाला परत विचारलं. तिने स्वतः लिहून पाठवलंय."

"तुझ्या फोनला विचार, नव्वद सालच्या दहा मेला वार कुठला होता."

क्वाकूने चिडून बोट फिरवलं. "गुरुवार. मग?"

"आपल्यात नाव जन्मवारावरून पडतं. मग तुझ्या बायकोचं नाव याआ आहे का? गुरुवारच्या मुलीला कुणी आफिया म्हणतं? शुक्रवारी झाली म्हणून आफिया! हातच्या कांकणाला आरसा कशाला? आता पाच ऑक्टोबर बघ."

शुक्रवार निघाला. क्वाकूने आफियाचा निरोप पुन्हा उघडला. आफियाने लिहिलं होतं, 5/10/1990. तिने गावच्या रीतीने आधी दिवस लिहिला होता. नऊ वर्षांचा असताना इथे आलेल्या क्वाकूने इथल्या रीतीने आधी महिना धरून मे वाचला, आणि अर्जही तसाच भरला. पासपोर्ट बरोबर होता.

"घोळ मीच घातला," तो म्हणाला. पोकुआकडे बोलण्यासारखं पुष्कळ होतं, पण मुलाचा चेहरा पाहून तिने ते गिळलं.

तासाभराने पुन्हा त्याच बाई भेटल्या. पोकुआने पाच ऑक्टोबरवर शपथ घेऊन सही केली. मग क्वाकूची पाळी आली, चूक कबूल करणाऱ्या त्याच्या प्रतिज्ञापत्राची.

"खोलीत आणखी कोणी?"

"आई आहे."

"त्यांना बाहेर जाऊ द्या."

पोकुआ जिन्यात बसली. आतून मुलाचा आवाज आला, "हो, चूक माझी आहे. शपथेवर सांगतो." तिला त्याची दया आली.

शिक्के बसल्यावर क्वाकूने आफियाला फोन लावून सगळं सांगितलं. मग ती म्हणाली, "म्हणजे दर मे महिन्यात तू पाठवायचास ती भेट वाढदिवसाची होती? मला वाटायचं, मातृदिनाची आहे."

"आणि ऑक्टोबरात?"

"ऑक्टोबरात वाटायचं, तू विसरलास."

"मग बोलली का नाहीस?"

"दोन-दोन नोकऱ्या करणाऱ्या माणसाकडे वाढदिवस मागून घ्यायचा?"

पोकुआने फोन क्वाकूच्या हातातून घेतला.

"पोरी, याला तारीख ठाऊकच नव्हती. मला पाठ होती. आत्ताच शपथेवर सांगितलीय. तीन वर्षांचे ऑक्टोबर आले नि गेले, एकदाही तुला फोन केला नाही मी."

पलीकडे आफियाच्या मागे नात कशासाठी तरी रडत होती.

"आई," आफिया म्हणाली, "आधी कागद पाठवा."