ढोलाला ऊब देणारी शेगडी

मित्रांनो, दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरमधल्या एका सरकारी क्वार्टरच्या बाल्कनीत राहणारी मी एक जुनी शेगडी. फरीदाबादच्या एका कारागिराने लोखंडी बादली कापून मला केले. आतून माती लिंपली ती घरच्या चंद्रप्रभाबाईंनी. माझ्यावर त्यांनी वांगी भाजली, पापड भाजले, पाहुण्यांच्या अंघोळीचे पाणी तापवले.

एका फेब्रुवारीत दिल्लीत देशभरच्या आदिवासी खेळाडूंचे सामने भरले. तिरंदाजी, धावणे, कबड्डी आणि रोज नाचगाणी. नंदुरबारकडचा संघ आमच्याजवळच्या शाळेत उतरला होता. त्यांचे जेवणखाण कॉलनीतल्या मराठी घरांनी वाटून घेतले होते.

उद्घाटनाच्या सकाळी दाट धुके पडले. संघातल्या जामसिंगदादांच्या मोठ्या ढोलाचे कातडे ओलसर होऊन सैल पडले. थाप मारली की नुसता भद्द आवाज. शेकून कातडे ताणावे, तर मैदानात आगीला बंदी. व्यवस्थापक म्हणाले, "टेप लावू या, चलेगा."

"टेपवर आमच्या पोरी पाय उचलणार नाहीत," जामसिंगदादा म्हणाले. त्यांच्या नाचाची पाळी तासाभरावर आली होती. इतक्या लांबून आलेल्या मुली रडकुंडीला आल्या.

चंद्रप्रभाबाई नाश्ता घेऊन आल्या होत्या. त्यांनी नवऱ्याला, सूर्यकांतरावांना, स्कूटरवर घरी पिटाळले आणि मला आणवले. मैदानाच्या फाटकाबाहेर मला पेटवून त्या ढोल सरळ माझ्या तोंडावर ठेवू लागल्या.

"अहो बाई, भाकरी आहे का ती!" दादा ओरडले. मुली हसल्या. मग दादांनी ढोल माझ्यापासून हातभर दूर धरला. ते तो फिरवत राहिले, टिचकी मारून ऐकत राहिले.

पहारेकरी दरडावत आला. "माताजी, आग मना है."

"बाहर भी? हाथ देखो अपने, कैसे नीले पड़े हैं. आओ, सेंको."

हात शेकता शेकता तो म्हणाला, "थोड़ा कोयला और डालो."

अखेर ढोल घुमला. मुलींची साखळी मैदानात शिरली. उघड्या फाटकातून मला सगळे दिसत होते. शेवटी त्यांनी चंद्रप्रभाबाईंनाही ओढून नेले. बाई चुकत होत्या आणि हसत होत्या. सूर्यकांतराव त्यांच्या चपला हातात धरून उभे होते.

पुढे घरात हीटर आला. मी बाल्कनीत पडून राहिले. चंद्रप्रभाबाई जाऊन दोन वर्षे झाली. माझी माती तडकली होती. यंदा सूर्यकांतरावांनी ती स्वतः लिंपली, वेडीवाकडी. परवा शेजारच्या लताताई मला मागायला आल्या. त्यांनी माझ्या लिंपणावरून एकदा हात फिरवला. मग म्हणाले, "न्या की. बंद खोलीत मात्र पेटवू नका."

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू जपा, पण तिला काम करू द्या. त्या नंदुरबारकडच्या पाहुण्यांची मी ऋणी आहे. त्या सकाळी मी जपून माळ्यावर ठेवलेली असते, तर बाईंचे ते हसणे मला आणि सूर्यकांतरावांना, आम्हा दोघांनाही पाहायला मिळाले नसते.