माझी दोरी कोणाकडे?

मित्रांनो, मी एक जुनी काथवट आहे. पीठ मात्र माझ्यात कधी मळले गेले नाही. फिजीच्या उत्तर बेटावर, उसाच्या पट्ट्यातल्या एका नदीकाठच्या गावात माझ्यात यांगोनाचे कुटलेले मूळ पाण्यात कालवतात आणि करवंटीने सगळ्यांना पाजतात. ते प्यायल्याशिवाय आमच्याकडे लग्न लागत नाही आणि भांडणही मिटत नाही. वाढणारा विचारतो, "ओहोटी की भरती?" म्हणजे करवंटी अर्धी हवी की काठोकाठ.

दूरच्या एका बेटावर वेसी नावाच्या झाडाच्या अखंड लाकडातून मला कोरले. अंगाला काथ्याची दोरी बांधली आणि तिच्या टोकाला पांढऱ्या कवड्या ओवल्या. बैठकीत ती दोरी ज्याच्याकडे पसरली, तो त्या दिवसाचा मानकरी. एकदा कालवायला घेतले की मला फिरवायचे नाही, असा रिवाज. त्यामुळे माझी ऐट काय विचारता!

माझ्या चार पायांपैकी एक मूळचा नाही. वादळात घर कोसळले तेव्हा तो मोडला आणि नदीपलीकडच्या हिंदू वस्तीतल्या बिसुन सुताराने चिंचेच्या लाकडाचा नवा पाय बसवून दिला. तेव्हापासून गावचा मुखिया सेरेमाया मला होडीत घालून पलीकडच्या लग्नांनाही नेऊ लागला. बिसुन मला चिडवायचा, "माझ्या पायावर उभी राहतेस आणि आधी तुझ्या गाववाल्यांना पाजतेस होय गं, नमकहराम!"

मग एका संध्याकाळी घात झाला. रग्बीचा सामना हरल्याच्या रागात, दारू पिऊन, सेरेमायाचा पुतण्या आपेनिसा पलीकडे गेला. बिसुनच्या अंगणातला पूजेच्या लाल झेंड्याचा बांबू त्याने मोडला आणि देवीची मातीची मूर्ती फोडली. बिसुन ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी त्याने घराच्या छपराचे पत्रे उतरवायला घेतले. "तीन पिढ्या काढल्या इथं. आता शहरात पोरांकडे जातो," एवढेच तो बोलला.

सेरेमायाने बिसुनच्या अंगणात जाऊन माफी मागायचे ठरवले आणि नेमके त्याच दिवशी पाहुणे यायचे होते. वेगवेगळ्या वंशांचे आणि धर्मांचे लोक गुण्यागोविंदाने कसे नांदतात, हे पाहायला शिष्यवृत्तीवर निघालेले देशोदेशींचे आठ पत्रकार! आमचे गाव त्यांना नमुना म्हणून सांगितले होते.

सेरेमायाचा धाकटा भाऊ विलियामे म्हणाला, "दादा, माफी पुढच्या आठवड्यात मागू. पाहुण्यांसमोर घरचं धुणं कशाला धुवायचं?"

"पुढच्या आठवड्यात त्याच्या डोक्यावर छप्पर नसेल. पाहुण्यांना घे बरोबर. काय बघायचं ते बघू देत."

आपेनिसालाही बरोबर घेऊन आम्ही नदी ओलांडली. अर्धे छप्पर उघडे होते. बिसुन चटईच्या एका कोपऱ्यात बसला, हातातली पहार त्याने खाली ठेवली नव्हती. मला मांडले विलियामेने. आयुष्यभर पाहुण्यांची सरबराई केलेला माणूस तो. सवयीने त्याने माझी दोरी पत्रकारांकडे पसरली. मला कळले, पण लाकडाला कुठे वाचा असते! पाणी ओतले, मूळ कालवले.

एक पत्रकार कॅमेरा सरसावून म्हणाला, "काका, प्याला घेताना जरा इकडे बघा हं."

बिसुनने कॅमेऱ्याकडे पाहिले, मग माझ्या कवड्यांकडे. तो उठला.

"सेरे, दोरी त्यांच्याकडे, कॅमेरा माझ्याकडे. माफी कोणाची मागतोयस तू?"

पत्रकारांमध्ये श्रीलंकेची निलमिनी होती. दोरीचा अर्थ तिने सकाळीच सेरेमायाकडून समजून घेतला होता. तिने सोबत्याच्या कॅमेऱ्यावर हात ठेवला. "बंद कर तो." मग ती बिसुनला आपली जागा द्यायला उठू लागली.

"बसा बाई," सेरेमाया म्हणाला. "चूक आमची. तुम्ही का उठता?"

त्याने मला दोन्ही हातांनी उचलले आणि भरलेली तशीच अंगणात पालथी केली.

"दादा, वेड लागलं का? पाहुण्यांदेखत!" विलियामे ओरडला.

"पाहुण्यांदेखतच."

मित्रांनो, कालवलेले यांगोना असे ओतून देणे म्हणजे साऱ्या गावाची नामुष्की. माझे तोंड मातीत होते आणि चारही पाय आभाळाकडे. लाजेने मेल्याहून मेले झाले मला. पण त्या पायांत एक चिंचेचा होता आणि बिसुन त्याच्याकडेच बघत होता.

"डुगडुगतोय तो," तो पुटपुटला.

सेरेमायाने मला पुसून सरळ केले आणि दोरी बिसुनसमोर पसरली. आपेनिसाने स्वतः मूळ कुटले. आमच्याकडे माफी मागताना देवमाशाचा दात पुढे करतात; समोरच्याने तो घेतला की माफी मिळाली. तो दात दोन्ही हातांत धरून आपेनिसा बिसुनपुढे गुडघ्यांवर बसला.

"भैया, मीच फोडली. तुमचा काही दोष नव्हता. जाऊ नका."

बिसुन पहार घेऊन अजून उभाच होता. तो दात घेईल की पुन्हा छपरावर चढेल, काही सांगता येत नव्हते. शेवटी त्याने पहार भिंतीला टेकवली, दात घेतला आणि तो खाली बसला.

"ओहोटी की भरती, भैया?" सेरेमायाने करवंटी उचलत विचारले.

"भरती," बिसुन म्हणाला. "त्या गाढवालाही भरती दे. उद्या पत्रे चढवायला लागणार आहे तो मला."

तो फोटो कोणीच काढला नाही. निलमिनीने मात्र जाताना माझ्या ओल्या काठावरून हात फिरवला.

आज सेरेमायाही नाही, बिसुनही नाही. मी गावाच्या सभाघरात काचेच्या कपाटात असते. पाहुणे येतात, 'सलोख्याची काथवट' म्हणून माझे कौतुक करतात. यांगोना मात्र आता प्लास्टिकच्या टबात कालवतात. पाणी न लागल्याने माझ्या अंगाला चिरा पडू लागल्या आहेत, आणि त्या दुखतात.

मित्रांनो, मला असे जपू नका, वापरा. चिंचेचा पाय पुन्हा डुगडुगतो आहे. नदीपलीकडे बिसुनचा नातू सुतारकाम करतो. कोणीतरी होडी घेऊन त्याला बोलावून आणा. आणि तो आला की माझी दोरी त्याच्याकडे करा.