माझ्या पोटातली कणसं

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे. सोलापुरातल्या चनबसप्पांच्या चादरींच्या कारखान्यात, मागांच्या खडखडाटात माझं आयुष्य गेलं. अंगावर सुताची धूळ बसते, पंखा कुरकुरतो, पण कामाला मी अजून खमका आहे. आपली स्तुती आपणच केलेली बरी, दुसरं कोण करणार?

आलो तेव्हा माझ्यात विंडोज ९८ होती. माग ज्यांवरून नक्षी विणतो, त्या पुठ्ठ्यांना भोकं पाडणारं यंत्र आजही फक्त तिचंच ऐकतं. त्या काळी चनबसप्पा पाहुण्यांना आधी मला दाखवत, मग चहा देत. पुढे नवा स्कॅनर आला. त्याचं ९८शी जमेना, म्हणून दुरुस्तीवाल्या आरिफनं माझ्या पोटात विंडोज एक्सपीही बसवली. घर एक, चुली दोन, आणि सामान ठेवायचे कप्पेही दोन. ९८चा कप्पा एक्सपीला वाचता येतो, पण एक्सपीचा कप्पा नव्या पद्धतीचा, तो ९८ला दिसतसुद्धा नाही. आरिफ हे सांगून गेला होता, पण माग चालू असताना कुणाला काय ऐकू जाणार?

चनबसप्पांची लेक सिद्धेश्वरी हिनं यंदा पहिली नक्षी केली. गुलाब नाही, मोर नाही, ज्वारीची कणसं. कागदावरच्या रेषा स्कॅन करून तिनं महिनाभर माझ्यासमोर बसून रंग भरले.

"आज पुठ्ठे झाले तर तुझी कणसं," चनबसप्पा म्हणाले, "न्हाय तर उद्या मागावर आपला गुलाबच."

पुठ्ठे पाडायला तिनं मला ९८मध्ये सुरू केलं. कणसं कुठंच नाहीत. बिचारीचा चेहरा उतरला.

"म्हातारं झालंय हे," चनबसप्पांनी ९८ची सीडी काढली. "सगळं पुसतो आन् नव्यानं भरतो."

मला फार भीती वाटली. कणसं माझ्याच पोटात होती, आणि मला सांगता येत नव्हतं.

"अप्पा, थांबा की जरा." तिनं मला बंद करून एक्सपीत सुरू केलं. कणसं जागच्या जागी होती. ती पडद्याकडे बघत राहिली. "गुलाब दोन्हीकडं दिसतोय, कणसं हितंच. म्हंजे गुलाब ठेवलाय तिथं कणसं ठेवायला पायजेत." तिनं ती ९८च्या कप्प्यात उतरवली, पेन ड्राइव्हवरही घेतली. संध्याकाळपर्यंत पुठ्ठे तयार झाले.

दुसऱ्या दिवशी मागावरून चादर उतरली. चनबसप्पांनी ती दोन्ही बाजूंनी निरखली.

"दाणा जरा भरायला पायजे होता."

"पुढच्या खेपेला भरते की."

"भर. माग ठेवतो रिकामा."

आनंदानं माझा पंखासुद्धा कुरकुरायचा थांबला, असं मला तरी वाटलं.

मित्रांनो, आम्हा जुन्या यंत्रांची धूळ झटका, पोटातलं दुसरीकडेही उतरवून ठेवा. आणि एखादी गोष्ट दिसली नाही, तर ती नाहीच असं समजू नका. पूस म्हटलं की आम्हाला पुसावंच लागतं, नाही म्हणता येत नाही. तेवढं 'नाही' आमच्या वतीनं तुम्ही म्हणा.